गाइडं नापास करणारे आमचे साडू

आमच्या साडूंनी सबंध आयुष्यात एकच गोष्ट पहिल्या नजरेत पसंत केली, ती म्हणजे माझी मेहुणी. त्यानंतर त्यांच्या नजरेतून काहीही धड पास झालेलं नाही. ते भेंडी घ्यायला उभे राहिले की भाजीवालीला वाटायचं, आज टोपलीवर जप्ती आली. पुढ्यात पोहे ठेवले तर आधी चमच्यानं उलटे करून खालची बाजू बघणार. इंदूरच्या सराफ्यात रात्रीच्या खाऊगल्लीत जिलबी उजेडाकडे धरून तपासणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. पण दोष त्यांचा नाही, मिलचा. एकवीस वर्षं ते फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. थान, म्हणजे कापडाचा तागा, मेजावरून सरकत जायचं आणि हे साहेब तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण शोधत उभे. दोष सापडला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधायचा आणि थान बाजूला टाकायचं. मी होतो साचे खात्यात. म्हणजे मी विणायचं आणि यांनी नापास करायचं, असं आमचं नातं. सासुरवाडीच्या लग्नात, भर पंगतीत, श्रीखंडाची वाटी हातात धरून हे मला सांगायचे, "दादा, काल तुमच्या थानाला तीन दोरे बांधले हं!" मी चौथी शिकलेला असलो तरी अपमान मला मॅट्रिकवाल्यांपेक्षा लवकर समजतो. एका लग्नात तर मी श्रीखंड टाकून उठलो होतो.

मग मिलला टाळं लागलं. पेपरात रोज यायचं की आता नवा जमाना आला, सगळं खुलं होणार. खुलं काय झालं ते त्यांनाच ठाऊक, आमचं फाटक तेवढं बंद झालं. मी घरी बसलो. मानानं बसलो, कुणाच्या दारात गेलो नाही. साडूंना ते परवडणारं नव्हतं. दोन मुली शिकत होत्या, मेहुणी शेजारणींचे ब्लाउज शिवत होती. अशात आमच्या मिलचे एक जुने साहेब सांवेर रोडवर सोयाबीन तेलाच्या नव्या कारखान्यात मॅनेजर झाले. त्यांनी साडूंना बोलावून सांगितलं, "स्टोअरमध्ये एक जागा आहे. दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवतो. पण आता सगळं कंप्यूटरवर चालतं. परीक्षा पास व्हा, सर्टिफिकेट आणा आणि खुर्चीवर बसा."

सेहेचाळिसाव्या वर्षी साडू क्लासला जाऊ लागले. कंप्यूटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळासारखं. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो. शिकवायला बावीस वर्षांची एक मॅडम. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अंकल, बाजार से कोई भी एक गाइड ले लो, बस उसी को पढ़ो." कोई भी एक! असं वाक्य आमच्या साडूंसमोर बोलायची हिंमत एकवीस वर्षांत मिलच्या मालकाला झाली नव्हती.

झालं, दर रविवारी आमची वरात खजुरी बाजारात, पुस्तकांच्या दुकानांत. मी कशाला? तर म्हणे, "दादा, दोन नजरा बऱ्या." माझ्या नजरेला लिहिलेलं नीट दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी न्यायचे. दुकानात गेले की गाइड आधी हातावर तोलायचं. मग पान चिमटीत धरून चोळायचं. मग उजेडाकडे धरून बघायचं की मागची छपाई पुढं उतरते का. मग मधोमध उघडून दोन्ही बाजूंनी असा झटका द्यायचा की दुकानदाराचे डोळे पांढरे. हे सगळं झालं की मगच आत काय लिहिलंय ते. तेसुद्धा घरी नेऊन वाचायचे आणि जिथं चूक दिसेल तिथं पानाच्या कडेला सुईनं लाल दोरा ओवायचे! एक गाइड परत करायला गेलो तर दुकानदार ते उलटंसुलटं करून म्हणाला, "भिया, ये किताब है कि राखी?"

"छब्बीस गलती है इसमें," साडू म्हणाले.

"तो भिया, पच्चीस वाली दूँ?"

मला हसू आवरेना. साडूंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी खरंच विचारलं, "है क्या?"

एकदा तर कहर झाला. एका गाइडात लिहिलं होतं की फ्लॉपीत अमुक इतका मजकूर मावतो, दुसऱ्यात लिहिलं होतं तमुक. साडूंनी दोन्ही नापास केली. एक खोटं असणार आणि कुठलं ते कळत नाही, म्हणून दोन्ही बाद. मिलचा नियमच तसा. भांडायला मॅडमकडे गेले. तिनं टेबलावर दोन फ्लॉप्या ठेवल्या, एक मोठी, एक लहान. "अंकल, दोनों सही हैं." घरी येऊन साडू मला म्हणाले, "दोन्ही बरोबर असतील तर मग तपासायचं काय, दादा?" असा गोंधळलेला चेहरा मिल बंद झाल्याच्या दिवशीही नव्हता.

परीक्षेला पंधरा दिवस उरले. मी गेलो तर खाटेवर पाच गाइडं, लाल दोऱ्यांनी फुललेली, आणि पाठ एकही धडा नाही. मेहुणी शिलाई मशीनवर पाय मारत होती. मी भडकलो. "साडूबुवा, परीक्षा तुमची आहे की गाइडांची?"

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "दादा, आजवर मीच नापास करत आलो. मला नापास व्हायची सवय नाही हो. गाइड ठरलं की परीक्षा द्यावी लागेल."

पण मी गप्प बसणारा माणूस नव्हे. म्हटलं, "माझी थानं तुम्ही दोरे बांधून बाजूला टाकायचात. फेकून देत होती का मिल? सेकंडचा माल म्हणून दुकानात जात होती. अर्ध्या इंदुरानं त्याचे पायजमे शिवले. कुणाचा पायजमा गळून पडला का भर राजवाड्यावर?" आणि सगळ्यात वरचं गाइड उचलून त्यांच्या मांडीवर आपटलं. कुठलं होतं, देव जाणे.

मशीन थांबलं होतं. मेहुणी हसायला लागली होती, आणि मग साडूही. ते पंधरा दिवस त्यांनी तेच एक गाइड घोकलं, गल्लीला ऐकू जाईल असं. परीक्षेहून आल्यावर सांगितलं की अकराव्या प्रश्नात छपाईची चूक होती आणि ती त्यांनी परीक्षकाला दाखवून दिली. म्हटलं, गेली खुर्ची. पण पास झाले. दिवाळीच्या आधी कामावर रुजूही झाले.

महिनाभरानं ते डबा विसरले, तो घेऊन मी कारखान्यात गेलो. फाटकावरच्या चौकीदाराला नाव सांगितलं. तो स्टुलावरून उठला. "अच्छा, कंप्यूटर वाले बाबूजी! अंदर जाइए ना." मी काचेतून पाहिलं. साडूंच्या चपला दाराबाहेर, डोळे पडद्यावर, दोन बोटांनी एकेक अक्षर टिपत होते. शेजारी उभा असलेला एक साहेब थांबून राहिला होता, यांचं होईपर्यंत. मी आत गेलो नाही. डबा चौकीदाराच्या हाती दिला आणि निघालो.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "कहाँ से बैठे, दादा?"

"फॅक्टरी से," मी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी हे उत्तर तोंडातून निघालं होतं. घरासाठी पोलोग्राउंडला उतरायचं होतं. कामावरून सुटलेल्या माणसासारखा बसून राहिलो, पुढच्या स्टॉपपर्यंत.