दुसऱ्यांदा दिसेपर्यंत

कास्पर फ्लोरेझचा बाप मागे एकच इस्टेट ठेवून गेला, ती म्हणजे डोळे. केप टाउनच्या खालच्या अंगाला डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेत, तिथे आमच्या रापणवाल्यांत सगळ्यात मोठा मान टेहळ्याचा. तो डोंगरावर खडकावर बसतो. खाली वाळूवर होडी, जाळं आणि चाळीस माणसं तयार असतात. बोय माशांची झुंड दिसली की टेहळ्या कोट हलवतो, होडी सुटते, आणि जाळ्याची दोन टोकं किनाऱ्याला लागली की माणसं ओढायला भिडतात. टेहळ्या चुकला तर चाळीस जणांच्या तळहातांची सालटं निघतात आणि जाळ्यात येतं शेवाळ. अशा दिवशी टेहळ्याच्या बायकोनं पावाच्या दुकानात न गेलेलं बरं.

म्हणून बापानं कास्परला नियम घालून दिला होता. "एकदा दिसलं ते पाण्याचं, दोनदा दिसलं ते माशाचं." सावली दिसली तर हात मांडीखाली दाबून धर, तिला वळू दे, दुसऱ्यांदा दिसली तरच कोट उचल. कास्परनं चाळीस वर्षं हात मांडीखाली धरले. त्याचा कोट एकदाही फुकट हलला नाही. हे तो लग्नात, बारशात, मयतीतसुद्धा, कुणी विचारो न विचारो, सांगत असे. माणूस तसा गरीब, पण तेवढ्या एका बाबतीत कुणी शंका घेतली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

पुढे मासा आटला, रापण बंद पडली. त्याच सुमारास दोन वर्षांत दोन पोहणारे शार्कनं नेले, आणि डोंगरावर शार्कवर नजर ठेवणारी माणसं बसवायचं ठरलं. कास्परपेक्षा लायक माणूस कुठून आणणार? खडक तोच. फक्त कोटाऐवजी झेंडे आणि भोंग्याचं बटण. पाणी स्वच्छ असलं तर हिरवा झेंडा, गढूळ असलं तर काळा, आणि शार्क दिसला की पांढरा झेंडा वर, भोंगा चालू, सगळे पाण्याबाहेर.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "शंका आली की वाजवायचा. दहा वेळा खोटा वाजला तरी चालेल."

कास्परनं मान हलवली. दुसऱ्याच महिन्यात त्याच्या हातून भोंगा वाजला आणि तीनशे माणसं धडपडत बाहेर आली. तो शार्क नव्हता, आडवा पडून ऊन खाणारा एक भलामोठा सूर्यमासा होता. संध्याकाळी तो खाली उतरला तर आइस्क्रीमवाला टायटस वाटच बघत उभा.

"काय कास्परकाका, चष्मा घरी विसरलात की डोळे?"

"तुझ्या बापाला विचार, माझ्या डोळ्यांवर किती वर्षं जेवला ते."

"जेवला हो! पण आज तुमच्यापायी माझं आइस्क्रीम वितळलं ना!"

वाळूवरची सगळी हसली. कास्परही हसला, पण रात्री जेवला नाही. हे त्याच्या बहिणीनं पाहिलं.

सेलेस्टीन त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. तिचा नवरा गेलेला, याची बायको गेलेली, दोघं एकाच घरात राहत आणि मिठावरून भांडत. सेलेस्टीननं तीस वर्षं एका हॉटेलच्या चादरी धुतल्या होत्या. त्या किनाऱ्यावर लहानपणी पाटी होती, फक्त गोऱ्यांसाठी. रापण ओढायला आमची माणसं चालत, मासे विकायलाही चालत, पण पोहायला नाही. जाळं ओढताना गुडघ्यापर्यंत पाय भिजत, तेवढाच समुद्र तिच्या वाट्याला आला. पाटी उतरली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. आता या वयात काय, म्हणून तिनं आणखी सतरा वर्षं घालवली. मग एके दिवशी उठून तलावावर गेली आणि लहान पोरांच्या वर्गात नाव घातलं. चर्चमधल्या बायका तोंडाला पदर लावावा तशा हसल्या. ही मात्र चार महिन्यांत पोहायला शिकली.

समुद्रात पहिल्यांदा जायचं ठरलं त्या सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन नुसतीच बसून राहिली.

"दादा, वर तू असशील ना?"

"मग कोण, बिशप येणार आहे? मी आहे तोवर तू बिनघोर जा."

त्यानंतर दोन वर्षं ती रोज सकाळी जात होती. वरून बघताना कास्परला ती एवढीशी दिसे. हात मारत लाटांच्या पलीकडे जायची आणि पाठीवर पडून राहायची. ती तिथे तशी पडलेली बघून त्याला वाटे, आपण आयुष्यात जे काही पकडलं त्यात हे सगळ्यात मोलाचं.

जानेवारीतली सकाळ होती. पाणी काचेसारखं, झेंडा हिरवा. नऊच्या सुमाराला डाव्या हाताच्या शेवाळापासून एक सावली सुटली. लांब होती, सरळ येत होती. कास्पर उठून उभा राहिला, त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला. वरून एक ढग चालला होता. ढगाची सावली असेल, सुटलेलं शेवाळ असेल. चाळीस वर्षांची सवय अंगठ्यात येऊन बसली होती. वळू दे. दुसऱ्यांदा दिसू दे. सावली ढगाखाली गेली. तो वाट बघत राहिला. सावली दुसऱ्यांदा दिसली ती सेलेस्टीनच्या खाली. मग त्यानं भोंगा वाजवला.

लाटांवर फळ्या घेऊन आलेल्या दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं. जीव वाचला. डावा पाय मांडीपासून गेला.

आठ दिवसांनी चौकशीला तिघं जण इस्पितळात आले. कास्पर दाराशी उभा होता. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर पाठ केलं होतं. पण आधी त्यांनी सेलेस्टीनला विचारलं, आणि ती म्हणाली, "भोंगा वाजला होता. मी ऐकला. म्हटलं, आणखी चार हात मारू आणि मग निघू. चूक माझी."

तिघांनी लिहून घेतलं. खालच्या माणसांना भोंगा कधी वाजला ते नक्की सांगता येत नव्हतं. धांदलीत कोण घड्याळ बघतो? तिघं कास्परकडे वळले. तो बहिणीकडे बघत होता आणि ती भिंतीकडे बघत होती. पाठ केलेलं त्याच्या तोंडातून निघालं नाही.

"ती म्हणते तसंच," तो म्हणाला.

झालं. वर्तमानपत्रात ती हट्टी आजी म्हणून छापली गेली. चर्चमधल्या बायका दयेनं बोलत, आणि दयेच्या आत चिमटा असे. "अगं, भोंगा ऐकूनसुद्धा? या वयात एवढी कसली हौस?" सेलेस्टीन कुबडीवर रेलून म्हणे, "होती बाई हौस." कास्पर रोज डोंगर चढत राहिला. आता पान हललं तरी भोंगा वाजवी, आणि टायटसची चेष्टा मुकाट्यानं ऐकून घेई. त्या सकाळबद्दल भावाबहिणीत सहा वर्षं एक अवाक्षर निघालं नाही. रविवारी पाकातले गोड कुसिस्टर वडे आणायचे, तिची कुबडी पुसायची, मिठावरून भांडायचं. त्यातच तो काय ते फेडत होता, आणि ते फिटत नव्हतं.

सहाव्या वर्षी नव्या लोकांना शिकवायच्या वेळी जुन्यांनाही बोलावलं. शिकवणारा गृहस्थ नवा होता, त्याला नाती ठाऊक नव्हती. भिंतीवर किनाऱ्याचं चित्र टाकून तो म्हणाला, "इथे यंत्रणेत काहीही चुकलं नाही. बाईंना जिवापेक्षा पोहणं प्यारं होतं. अशीही माणसं असतात, आपण काय करणार!" नवे लोक हसले.

कास्पर उभा राहिला. "भोंगा वेळेवर वाजला नव्हता," तो म्हणाला. "मला शार्क दिसला होता. मी दुसऱ्यांदा दिसायची वाट बघत बसलो. ती माझी बहीण आहे, आणि ती खोटं बोलली."

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. येत्या रविवारी वर्तमानपत्रात बातमीही येणार होती. कास्परला मात्र सहा वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. वाटेत त्यानं तिच्या आवडीचा धुरी दिलेला मासा घेतला, घरी आला आणि उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. आता कुणी तिला हट्टी म्हणणार नाही, त्या बायकांची तोंडं बंद होतील, असंही सांगितलं. तिला बरं वाटेल अशी त्याची खात्री होती.

सेलेस्टीन बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली. "पाण्यातून तू दिसत होतास मला, दादा. रोज दिसायचास. त्या दिवशी उठून उभा राहिलास आणि तसाच राहिलास. मी बघत होते तुझ्याकडे."

कास्पर खुर्चीवर बसला.

"माझा पाय गेला. पोहणं गेलं. लोक हसले, हसू दे म्हटलं. पण आमच्या कास्परची नजर कधी चुकली नाही, असं या गावात अजून म्हणत होते. तेवढं एक मी त्या पाण्यातून बाहेर काढलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तेसुद्धा तू नेऊन बुडवलंस. मला विचारायचं तरी होतंस."