तळाला भोक नसलेले डबे

आमच्या वरच्या माडीवर राहणाऱ्या सुभेदारांइतका पाण्याला जपणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात शोधून सापडला नसता. पेन्शनीत निघालेले हे गृहस्थ मूळचे म्हसवडकडचे. तिकडे पाऊस आलाच तर घाईतल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरूनच परत जातो. त्यामुळे सुभेदार तोंड धुतलेल्या पाण्यात पाय धूत आणि त्याच पाण्याने फडकं भिजवून जिना पुसत. मी तांब्यात उरलेलं पाणी ओट्याखाली ओतलं, की वरून खाकरल्याचा आवाज येई. मास्तर म्हणून त्यांना माझा आदर होता, पण तो कोरड्या गोष्टींपुरता.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेली आणि बायकोची गावी. आता तरी एका छपराखाली राहू, म्हणून भावकीचा गलबला टाळून त्यांनी साताऱ्यात ही माडी घेतली. बाईंना मात्र सातारा मानवेना. "दारात कोथमिरीची काडी न्हाई, ह्येला घर म्हनायचं व्हय?" त्या म्हणत. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "दिवाळीपातूर दारची भाजी ताटात पडली तर ऱ्हाते. न्हाईतर मी आपली म्हसवडला."

पहिल्या लढाईत बसऱ्याला तोफांपुढे न डगमगलेले सुभेदार यावर मात्र चांगलेच हबकले. दुसऱ्या लढाईच्या त्या दिवसांत पत्र्याची चीजवस्तू मिळणं मुश्कील, तरी त्यांनी कुठून कुठून तळाला भोकं पडलेले घासलेटचे डबे जमवले, एक फुटकी बादली आणली आणि पलटणीतली स्वतःची ट्रंकही माती भरून सज्ज्यात मांडली. ट्रंकेत वांगी लावली. रोज सकाळी पितळी बटणांचा कोट चढवून ते झाडांची पाहणी करत. जे रोप मान टाकी त्याला "शिक लीव्ह" मिळे. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सुभेदारांनी तो मिरचीलाही बांधला. मिरची देठासकट खाली आली तेव्हा ते म्हणाले, "शिस्त सोसली न्हाई तिला."

मग साताऱ्याचा पाऊस लागला, तो काही हटेना. सुभेदार हरखले. देव फुकट पाणी देतोय, आता काय उणं! पण झाडं आधी पिवळी पडली, मग काळी, मग आडवी झाली. सुभेदारांनी बियाण्याला पळपुटं ठरवलं. बाईंनी मुकाट्याने वळकटी बांधून भिंतीशी ठेवली.

जाण्याआधी सज्जा तरी झाडून द्यावा म्हणून त्या एक डबा सरकवायला गेल्या. डबा हलेना. मीही मदतीला वर गेलो. दोघांनी तो कलता केला तेव्हा घाण वासाचं काळं पाणी भळाभळा माझ्या धोतरावर आलं.

"आवं, तळाची भोकं कुठं हायत?" बाईंनी विचारलं.

"बुजवली. डांबर लावून." 

"का म्हनून?"

सुभेदार कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "रजेवर आलो की बघायचो. कोसावरनं घागर आनायचीस तू. खाली व्हावून जानारं पानी बघवंना मला."

बाई आत जाऊन खिळा आणि वरवंटा घेऊन आल्या आणि एकेका डब्याला, ट्रंकेलाही, भोकं पाडत सुटल्या. मग प्रत्येक डब्याखाली एक जुनी ताटली सरकवली. एका ताटलीत निथळलेलं पाणी दुसऱ्या डब्याला. सुभेदारांना ही व्यवस्था पसंत पडली. वळकटी मात्र भिंतीशी तशीच होती.

श्रावणात नवी रोपं लागली आणि दिवाळीच्या तोंडावर ट्रंकेतल्या झाडाला एकुलतं एक वांगं धरलं. त्याची भाजी बाईंनी नवऱ्याला वाढली, त्यांनी ती बायकोच्या ताटात सारली, असं बराच वेळ चाललं असावं. शेवटी वाटी खाली माझ्याकडे आली. "तुमीच खावून सांगा, मास्तर," सुभेदार जिन्यातच उभे राहून म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना. वांगं कडू जहर होतं. "लय गोड हाय," मी त्यांच्याच बोलीत सांगितलं. त्या संध्याकाळी वळकटी सुटली.

पुढे सुभेदार गेले. बाई गावी निघाल्या तेव्हा ती ट्रंक मी टांग्यात चढवून दिली. माती तशीच होती, झाडही. बाई म्हणाल्या, "मास्तर, त्या वांग्याची फोड मी चुलीपाशीच चाखली हुती."




एवढं बोलून त्यांनी ट्रंकेखाली ताटली नीट सरकवली.