हार्वेस्टचं माहेर

आमच्या माहेरवाल्या सरांनी कधी एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सरळ सांगितला असेल तर शपथ! ‘अर्थ म्हणजे शब्दाचं सासर. ते डिक्शनरीत मिळेल. माहेर कुठलं ते विचारा,’ म्हणून सर घरच्या शिकवणीत जे सुरू होत, ते देवास गेट स्टँडवरची शेवटची बस निघून गेली तरी थांबत नसत. आम्ही परीक्षेच्या काळजीनं कासावीस, आणि सर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात.

त्यांना आवरू शके ती एकटी त्यांची मुलगी, मेघाताई. आईवेगळी पोर, बापावर दादागिरी करतच मोठी झाली. ‘बाबा, शब्द बाद में! आधी गॅस बंद करा, दूध उतू चाललंय,’ असं ती आतून ओरडली की सर खडू ठेवून निमूट उठत. परत येऊन ‘हायकमांड!’ म्हणत आणि खुशीत हसत. पुढे ती बँकेत लागली, मीही नोकरीला लागलो. पण शेजार होता, त्यामुळे हे हुकूम मला रोज ऐकू येत.

गेल्या चैत्रात, गव्हाच्या काढणीच्या दिवसांत, बँकेतून येताना तिच्या स्कूटीला ट्रकनं उडवलं. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू गेला आहे, ती परत येणार नाही. पण तिचं हृदय, यकृत दुसऱ्या कुणाला जगवू शकतील. सर तिचा हात धरून बराच वेळ बसले. मग ‘हो’ म्हणाले. मला ते जमलं नसतं.

तेवढ्यात फोनवर बोलणाऱ्या तरुण डॉक्टरच्या तोंडून अवयव काढून घेण्यासाठी ‘हार्वेस्ट’ हा शब्द निसटला. समोर सरांना पाहून तो ओशाळला. ‘सॉरी अंकल, हमारे यहाँ ऐसा ही बोलते हैं.’

‘शब्द तो किसानों का है, बेटा,’ सर म्हणाले. त्या अवस्थेतही त्यांना राहवलं नाही. ‘पहले ये मौसम का नाम था, पतझड़ का. फिर कटाई को कहने लगे, फिर फसल को. पर मायका इससे भी पुराना है. वहाँ मतलब है, तोड़ना. चुनना. जैसे फूल चुनते हैं.’ त्यांनी हात जोडले. ‘आहिस्ता चुनना, डॉक्टर साहब.’

मी तोंड फिरवून भिंतीकडे पाहत रडलो.

ऑपरेशननंतर तिला नेसवायला साडी हवी होती. तिच्या आवडीची, भैरवगढच्या छापाची एक साडी सरांच्या बहिणीकडे इंदुरातच होती. ती घेऊन आम्ही ऑटोनं इस्पितळात परतत होतो. चौकात पोलिसांनी सगळी वाहनं अडवली. इस्पितळात आम्हाला सांगितलं होतं त्याप्रमाणे, मेघाताईचं हृदय विमानतळाकडे नेणाऱ्या ॲम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा केला होता. ऑटोवाल्याला काय ठाऊक! तो वैतागून म्हणाला, ‘आ गया होगा कोई वीआईपी.’

सायरन जवळ आला. सर साडी छातीशी धरून ऑटोतून खाली उतरले.

‘हाँ भैया,’ ते म्हणाले, ‘मेरी बेटी है.’