येऊन राहिलो

तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्याचा वास आला, की बोरी अरब गावच्या आमच्या अंगणातली हिवाळ्यातली ती दुपार दिसते. पुण्याच्या एका रोपवाटिकेतून मोबाईलवर निरोप आला होता, नोकरी पक्की, येणार असाल तर लेखी कळवा. ऊन साईसारखं पसरलं होतं, ओसरीत रचलेल्या कापसाचे तंतू हवेत संथ तरंगत होते. उकडलेली शेंग सोलता सोलता आई म्हणाली, "लिही ना बापा, सोमवारी येऊन राह्यलो म्हनून." आमच्याकडे 'येतोय' म्हणायची हीच रीत. शुद्ध दिसावं म्हणून मी 'राह्यलो'चं 'राहिलो' केलं आणि पाठवलं. शेंगा गार व्हायच्या आत उत्तर आलं, "राहण्याची सोय होणार नाही. विचार करून कळवा." नोकरी गेलीच, असं वाटून मी हातातली शेंग तशीच परत ठेवली. आई मात्र भडकली, "राह्याची सोय मांगतली कोनं त्याईले?" मग मी नुसतं 'येतो' लिहिलं. आलो, आणि राहिलोच. हल्ली आई फोनवर विचारते, "कवा येऊन राह्यला?" पुण्यात माझे कान असे बदललेत, की मला त्यातलं फक्त राहणंच ऐकू येतं.