रोवण्यातला व्हिडिओ

आसगावच्या शाळेत रश्मी मेश्राम मराठी शिकवायच्या. पण गेली काही वर्षं त्यांचं निम्मं बळ पोरांची मोबाईलवरची भांडणं निस्तरण्यातच जात होतं. कुणाचा फोटो बिघडवलेला, कुणाच्या नावानं खोटं खातं. मुख्याध्यापकांचं एकच पालुपद, "शाळेचं नाव बाहेर नको, मॅडम. तुम्हीच पाहून घ्या." मॅडम पाहून घ्यायच्या. घरी गेल्यावर मात्र कुणाशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नसे.

त्या पावसाळ्यात दहावीतली टीना शाळेत यायची थांबली. सुटीच्या दिवशी ती आईबरोबर धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, गेली होती. वर्गातल्या खुशालनं बांधावरून तिचा, चिखलात वाकलेलीचा, व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला : 'डॉक्टरीणबाई ऑपरेशन करताना.' डॉक्टर व्हायचंय, असं टीना वर्गात एकदा बोलून गेली होती. व्हिडिओखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

शाळा सुटल्यावर मॅडम पाय ओढत तिच्या घरी गेल्या. टीनाची आई सत्यभामाबाई दारातच म्हणाली, "पोरगी जेवून नाही राहिली, मॅडम. रोवण्याले जाण्यात कायची लाज? समदं गाव जाते."

टीनानं मोबाईल पुढं केला. खुशालला द्यायचं उत्तर लिहून तयार होतं.

"मोठ्यानं वाच," मॅडम म्हणाल्या.

खुशालचा बाप दारू पिऊन कुठंकुठं पडतो, ते सारं त्यात होतं. टीना अर्ध्यावर अडखळली.

"थांबली काहून?"

"त्याची लहान बहीण... तिनं वाचलं तं?"

मॅडममध्ये उपदेश करायची ताकदच नव्हती. मग म्हणाल्या, "तुले नेमकं काय व्हायले पाह्यजे?"

"त्यानं व्हिडिओ काढून टाकावा. अन् मले कोणी हासू नये."

"काढून टाकायले लावू. हासण्याचं मात्र माह्या हाती नाही, बेटा."

टीनानं लिहिलेलं सगळं पुसलं, ग्रुपवरच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले आणि लिहिलं : 'खुशाल, व्हिडिओ काढून टाक. पुरावा माझ्याजवळ आहे. उद्या मॅडमसमोर बोलू.'

"गंमत केली, मॅडम," दुसऱ्या दिवशी खुशाल म्हणाला.

"गंमत ग्रुपवर केली ना? माफीबी तिथंच माग."

त्यानं तोंड पाडून व्हिडिओ काढून टाकला, माफीही लिहिली. पण आठवडाभरात तोच व्हिडिओ तालुक्याच्या पवनी गावातल्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत परत आला. मॅडमनी वर्गाला सांगितलं, ज्यानं पुढं धाडला त्यानंच समोरच्याला पुसायला सांगायचं. काहींनी सांगितलं, काहींनी नाही.

टीना मात्र येऊ लागली. एक दिवस मॅडम फळ्यावर लिहीत असताना मागून कुणीतरी कुजबुजलं, "डॉक्टरीण..."

"चूप बे. पुरे झालं आता," अंकुशचा आवाज आला. त्या व्हिडिओवर सगळ्यांत आधी हसलेला हाच अंकुश.

मॅडम वळल्या नाहीत. त्यांनी पुढची ओळ लिहायला घेतली.