हबवरचे पकडीचे ओरखडे

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. दवाखान्याची जीप एकवीस वर्षं चालवली, म्हणून डोंगरावरच्या वस्तीतली पोरंसोरं, म्हातारेकोतारे आणि खुद्द दवाखान्याच्या सिस्टर, सगळे त्यांना मामाच म्हणत. माणूस तिरसट. दार आपटलं की कपाळाला आठी पडलीच. पण वरून बोलावणं आलं की हातातला घास टाकून उठणार.

त्या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक हब होता आणि त्याच्या तोंडाशी तळहाताएवढी गोल चकती. चिखलाचा चढ आला की ड्रायव्हरने खाली उतरायचं, दोन्ही चकत्या फिरवून 'लॉक'वर आणायच्या, मग आत बसून लिव्हर ओढायचा. तेव्हा कुठे पुढची चाकंही जोर लावतात. चढ संपला की पुन्हा उतरून त्या मोकळ्या करायच्या. आणि हे सगळं हातानेच. पान्याने किंवा पकडीने फिरवली की आतलं काहीतरी मोडतं, हे मामांनीच किती नव्या ड्रायव्हरांना दमात घेऊन शिकवलं होतं.

यंदा मामांची बोटं आखडली. सुरुवातीला त्यांनी लक्ष दिलं नाही, मग लपवायला लागले. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. तिला सांगितलं, थंडीने होतंय. आणि सीटखाली एक पकड आली. कुणाचं लक्ष नाही असं बघून मामा तिनेच चकती फिरवत.

महिन्यापूर्वी बाळंतपणाची एक बाई घेऊन येताना वाटेतल्या चढावर गाडी मागे घसरली. चकती 'लॉक' दाखवत होती, पण आत काही लागलंच नव्हतं. गाडी दगडी बांधाला टेकली म्हणून थांबली. मूल तिथेच गाडीत झालं, सुखरूप. दुसऱ्या दिवशी बाईचा नवरा येऊन मामांच्या पाया पडला. "मामा, तुम्ही होतात म्हणून निभावलं." मामांनी पाय मागे घेतले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आता मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये तोच हब उघडून ठेवला होता. नवे निवडायला सिस्टरही आल्या होत्या, कारण सुट्या भागांच्या अर्जावर सही त्यांची लागे. मिस्त्रींनी जुनी चकती उजेडात धरली. कडेला पकडीच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं.

"जुनी झाली होती," मामा म्हणाले.

मिस्त्रींनी चकती बाजूला ठेवली. इतक्या वर्षांची ओळख. त्यांनी फळीवर दोन तऱ्हेचे हब मांडले.

"हा आपोआप लागतो. खाली उतरायची भानगडच नाही."

"मग हाच घेऊ या," सिस्टर लगेच म्हणाल्या. "या वयात मामांना चिखलात कशाला उतरवायचं?"

मामांचं मन त्या हबवर गेलं. हा बसवला तर कुणाला काही कळणार नव्हतं. निवृत्तीला तीन वर्षं होती, ती आरामात निघाली असती. त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला, आणि ज्याचं उत्तर स्वतःला पाठ होतं तेच विचारलं.

"उतारावर?"

"इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरताना कधीकधी सुटतो," मिस्त्री म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

मामांनी तो खाली ठेवला. दुसरा अख्खा लोखंडी, हाताने फिरवायचा. आतले दाते चाकाच्या जुन्या आसाशी जुळतात का, ते मामा नखाने मोजायला लागले. मध्येच चुकले, पुन्हा मोजले. सव्वीस. बरोबर होते.

"फिरवून बघा," मिस्त्री हळूच म्हणाले.

मामांनी चकती धरली. बोटं नुसतीच घसरली. त्यांनी दोन्ही हात लावले, ओठ घट्ट मिटले. चकती तसूभर हलली नाही. सिस्टरनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि सहज फिरवली. टक् असा आवाज झाला. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरनी ओरखड्यांकडे पाहिलं, मग मामांच्या बोटांकडे. त्यांना सगळं उमगलं. हातातली चकती त्यांनी फळीवर ठेवली.

"मी उतरून फिरवत जाईन, मामा," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त चालवा. कुणाला सांगायची गरज नाही."

"आणि मागे बाई कळा देत असली म्हणजे? तिचा हात सोडून उतरणार तुम्ही?"

मामांनी हाताने फिरवायचा हब पुढे लोटला.

"हाच लोखंडी द्या," मामा मिस्त्रींना म्हणाले. "दोन्ही चाकांना."

सिस्टरनी पिशवीतून अर्ज काढला आणि गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. 'बिघाडाचं कारण' या रकान्याशी त्या थांबल्या. मग त्यांनी लिहिलं, 'जुना होऊन झिजला.'

"खोडा ते," मामा म्हणाले.

"मामा, असू द्या ना."

"खोडा. लिहा, चालकाने पकड लावून मोडला. चालकाची बोटं चालत नाहीत." त्यांनी जुनी चकती सिस्टरपुढे सरकवली. "त्या माणसाने माझ्या पायावर डोकं ठेवलं, सिस्टर. त्याची बायको मी मारली असती."

मिस्त्री उगाचच पाने पुसायला लागले. सिस्टरनी ओळ खोडली आणि मामा सांगतील तसं, शब्दाला शब्द, लिहिलं. स्वतःची सही करून कागद चालकाच्या सहीसाठी मामांपुढे केला. पेन बोटांत राहीना, तेव्हा त्यांनी ते मुठीत धरलं आणि लहान पोरासारखी वाकडीतिकडी सही केली.

"अजून एक ओळ घाला," ते म्हणाले. "नवा ड्रायव्हर याच आठवड्यात पाठवा. वरच्या वस्तीत दोघींचे दिवस भरत आलेत."