निवडीआधीचा सत्कार

घाटकोपरच्या भटवाडीत कुणालाही विचारा, प्रीतम जयवंतचा कोण? सख्खा, पाठचा भाऊ! कबड्डीत चढाईला गेला की समोरच्यांच्या तोंडचं पाणी पळवणारा. जयवंत घाडीगावकर स्वतः नववी नापास, पण "ह्याला मी घडवला" असं दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत ऐकवायचा.

खोट एकच. कधीमधी सकाळी प्रीतमच्या अंगात जीवच नसायचा. दुपारपर्यंत आपोआप यायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी छडा लावला. "स्नायूत कॅल्शियमसाठी प्रथिनाचं एक दार असतं. ह्याचं जन्मापासून बिघडलंय. खेळून दमला, वर गोड नाहीतर भात हाणून झोपला, की रक्तातलं पोटॅशियम स्नायूत शिरतं नि अंग लुळं पडतं. खाणं जपलं तर खुशाल खेळू दे."

जयवंतने त्यातलं कॅल्शियम तेवढं उचललं आणि भावाला रोज साखर घालून तांब्याभर दूध पाजू लागला. "आमच्या रक्तात कसला आलाय रोग!"

"मग मामंजींचे गिरणीतले खाडे?" त्याची बायको सुलक्षणा बोलली. "सासूबाई सांगायच्या ना, सकाळी उठवायचंच नाही त्यांना. सगळे आळशी म्हणून मोकळे झाले."

"तू गप गं."

जिल्ह्याच्या संघाची निवड होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी जयवंतने मंडळात सत्कार ठेवला. निवडीआधीच! प्रीतम प्रशिक्षक सरांच्या सरावाने पार पिळून निघालेला. हार पडला, आणि जो तो पेढा भरवायला पुढे.

"दादा, बस ना यार. डॉक्टर काय बोलली?"

"माणसं मायेने भरवतायत नि तू तोंड फिरवतोस? चारचौघांत माझी इज्जत काढतोस?"

प्रीतमने तोंड उघडलं. घरी शिरवाळे होते, नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया. सुलक्षणा ताट उचलायला आली, तर जयवंतने तिचा हात बाजूला सारला आणि स्वतः घासावर घास भरवले. दादाला नाही म्हणणं प्रीतमला कधी जमलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाकेला ओ आली, माणूस उठला नाही. डोळे तेवढे फिरत होते, हातपाय भिजल्या गोधडीसारखे पडलेले. जयवंतने त्याला पाठुंगळी घेतला आणि दवाखाना गाठला. पोटॅशियम सुरू झालं. तिकडे मैदानात नावं पुकारायची वेळ झाली होती.

"दादा, सरांना फोन लाव. येत नाय सांग."

जयवंतने लावला. "मी प्रीतमचा मोठा भाऊ बोलतोय," एवढं नेहमीच्या ऐटीत निघालं. मग फोन कानावरून खाली आला.

"माझ्या कानाला धर," प्रीतम म्हणाला.

जयवंतने फोन धरला.

"सर, सॉरी. माझंच चुकलं. रात्री जरा जास्त खाल्लं."